उलटा पाग

"आत काय भरलंय म्हणालात?" नम्रतानं फोनवर विचारलं, आणि मी डब्यातली शेवटची कोलंबी तोंडात टाकत मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "शिसं." सकाळपासून मी हरभऱ्याच्या झाडावरच बसले होते. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या मुलीसाठी, अकूसाठी, शिवलेल्या जड पांघरुणाचा फोटो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना जरा जास्तच वेळ. नम्रता अकूची थेरपिस्ट. तिला फोटो पाठवला तो शाबासकीसाठीच, उगीच खोटं कशाला बोला. पण ती गप्प झाली. इतकी, की तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला परळच्या आमच्या ऑफिसात ऐकू यायला लागला. "ताई, ते अकूच्या अंगावर घातलंत?" तिनं विचारलं. अजून नाही, म्हटलं, पण आज दुपारी घालणार, शाळेतून ती आजोबांकडेच जाते ना. "ती अजून कपडे चावते का?" मी हो म्हणाले आणि माझी स्वतःचीच कोलंबी चावायची राहून गेली. "शिसं विषारी असतं, ताई. मुलांना तर थोडंसंही वाईट. आधी ते तिच्यापासून लांब करा, मग आपण बोलू."

साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. डबा टेबलावर उघडाच राहिला. बाला फोन लावला तर तो उचलेना; त्याचा फोन देवळीत ठेवलेला असतो आणि तो स्वतः दाराबाहेर, त्यामुळे त्याला केलेले सगळे फोन देवालाच जातात. आय, म्हणजे आई, बाजारात मासळी विकायला बसलेली. टॅक्सीत बसले, शिवडी कोळीवाडा म्हणाले, आणि घड्याळ बघितलं तर एक वाजून वीस मिनिटं. अकू दीडला जेवते. जेवली की बा तिला आडवी करणार आणि वर ते घालणार. वेळेच्या बाबतीत बा भारी पक्का. चाळीस वर्षं भरती-ओहोटीवर काढलेला माणूस, तो पाच मिनिटं उशीर करेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. भोईवाड्याच्या कोर्टापुढे टॅक्सी अडकली. काळे कोट घातलेली माणसं चहाचे ग्लास हातात धरून रस्त्यात उभी होती आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. गंमत अशी की रागाच्या खाली सकाळचा आनंद तसाच उकळत होता, तो जायलाच तयार नव्हता. घाबरलेलं माणूस आणि हरखलेलं माणूस एकाच टॅक्सीत बसलं तर भाडं एकाचंच पडतं, असला काहीतरी चावट विचारही मनात येऊन गेला. मी अशीच आहे. केतन, माझा नवरा, म्हणतो तुला नीट घाबरतासुद्धा येत नाही.

पण हरखायला कारण होतं. अकू नऊ वर्षांची आहे आणि तिला कुणी धरलेलं चालत नाही. ती बोलते कमी, बोलली तर बसचे नंबर बोलते. तिचे पाय बसल्या जागी हलत असतात, झोपेत शिरेपर्यंत हलत असतात. आणि दुपारी, म्हणजे ऐन उन्हात शाळेतून आली की तिच्या अंगात असं काही सुटतं की ती भिंतीवर स्वतःला आपटत फिरते. माझ्या भावाच्या हळदीला ब्रास बँड दारात आला तेव्हा ती किंचाळायला लागली. मी धावले आणि तिला मिठीत घेतली. घट्ट, जितकी घट्ट घेता येईल तितकी, कारण माझ्या मते आईनं तेच करायचं असतं. तिनं माझ्या खांद्याला चावा घेतला. रक्त आलं. हात सैल झाले तशी ती सुटली, आणि घरात जाऊन लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट आहे तिच्यात अंग तिरकं करून शिरली. तिथे शांत झाली! बाहेर बँड वाजतोय, बायका नाचतायत, आणि माझी मुलगी कपाट आणि भिंतीच्या मध्ये दाबून उभी, डोळे मिटलेले, पाय स्थिर. तेव्हा मी खांद्यावर हळद दाबत तिच्याकडे बघत होते आणि मला कपाटाचा हेवा वाटला. हो, कपाटाचा. लग्नात आलेलं, गंजलेलं, दार न लागणारं कपाट.

हे मी नम्रताला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली, दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं. म्हणाली, "आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा पाय अंगावर असायचाच, ताई. मी पहिल्यांदा हॉस्टेलवर एकटी झोपले ना, तर झोपच लागेना. शेवटी अंगावर सगळे कपडे घेतले, ट्रंकेतले, जीन्सबिन्स सगळं." मग तिनं समजावलं. अंगावर सगळीकडून सारखा दाब पडला की काही मुलांना बरं वाटतं, शरीर कुठे संपतं ते त्यांना कळतं, जीव खाली बसतो. त्याला खोल दाब म्हणतात. म्हणजे दडपण, मी म्हटलं. ती म्हणाली हो, दडपण घालून दडपण काढायचं. मला हा शब्द इतका आवडला की दोन दिवस मी तोच घोळवत होते. पण तिनं लगेच बोटही उगारलं. "जादू नाहीये हं. अभ्यास अजून थोडेच झालेत. कुणाला उपयोग होतो, कुणाला काडीचा होत नाही. आणि नियम आहेत. मुलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, जास्त नाही. अगदी लहान बाळाला तर कधीच नाही. फिट येत असेल, श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तोंडावर घ्यायचं नाही. एकटीला सोडून जायचं नाही." अजूनही काहीतरी म्हणाली होती, शेवटचं, पण तोवर माझं मन अकूचं वजन दहानं भागायला पळालं होतं. चोवीस किलो. अडीचाच्या आत.

तयार पांघरूण आणलं होतं आम्ही. अकूनं त्याला बोट लावलं आणि हात झटकला; त्या कापडाचा चुरचुर आवाज येत होता, तो आम्हाला ऐकू येत नव्हता, तिला येत होता. तिला चालतं ते एकच कापड, आयच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. मग बा म्हणाला, "मना सांग ना काय पायजे तं. वजन घालून शिवायचं, इतकाच ना? जल्म गेला त्यात." आणि खरंच होतं. बानं होडी सोडली त्याला सहा वर्षं झाली, पण जाळं विणायची सुई अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. तो पाग विणतो. गोल फेकायचं जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. फेकलं की हवेत उघडतं, पाण्यात बुडतं, आणि दोरी ओढली की कड मिटत येते आणि आतला मासा आतच. लहानपणी मी त्याच्याशेजारी दारात बसून त्या गोळ्या निवडायचे. तो एकेक गोळी दोरीवर चढवून दातांनी चावून घट्ट करायचा, आणि मीही करायचे. शिसं दाताखाली मऊ लागतं. गार, थोडं गोडसर. टॅक्सी शिवडीच्या चढाला लागली आणि ती चव माझ्या जिभेवर आली, तीस वर्षांनी, जशीच्या तशी, आणि तोंडचं पाणी पळालं. मी किती चावल्या असतील? आणि तरी ती चव मला आवडली. विष आहे हे कळल्यानंतरही आवडली, आता काय करायचं?

दारात चप्पल काढली नाही. आत जाऊन बघते तर पांघरुणाखाली बा. बा स्वतः! चटईवर उताणा, तोंड उघडं, हनुवटीपर्यंत आयचं जांभळं लुगडं ओढलेलं, आणि घोरतोय. अकू शेजारी मांडी घालून बसली होती, ताट रिकामं, आणि एका हातानं पांघरुणाची कड दाबून बघत होती. तोंडात फ्रॉकची कॉलर. कॉलर, कड नाही. मी ते पांघरूण असं ओढलं की बा अर्धा त्याच्याबरोबर आला.

"काय गो, आग लागली काय?"

"बा, तिला घातलंस?"

"पयले मी घेतला. म्हटला पोरीवर टाकाच्या आधी बघूया तरी." डोळे चोळत तो हसला. "बाय, काय झोप लागली! कुनी वरतून हात ठेवला असा वाटला."

मी अकूचे हात नळाखाली धरून साबणानं धुतले, ती ओरडत होती, आणि धुता धुता मी त्याला सांगितलं. शिसं विषारी. चावलं, हाताला लागलं, भुकटी पोटात गेली तर मुलांच्या मेंदूला बाधा. बा आधी ऐकत होता, मग त्याचा पारा चढला. "आमी जल्मभर दातानं चावून बसवला शिसा. माझ्या बापानं बसवला. मेलो काय? तुमची ती पोरगी, कालची, मना शिकवते?" मी म्हटलं तिच्याशीच बोल, आणि फोन स्पीकरवर लावला. नम्रता तशी गोड बोलते. काका, तुम्ही टाके किती सुंदर घातलेत, वगैरे. बा जरा निवळला. वजन बरोबर आहे, म्हणाला, आयच्या मासळीच्या काट्यावर तोललंय, दोन किलो तीनशे, एक बोंबील इकडे-तिकडे नाही. मग तिनं विचारलं, "काका, फोटोत मला दिसतंय ते खरं का? वजन सगळं कडेलाच आहे?"

"मग कुठं असनार?" बा म्हणाला. "कडेला वजन नाय तं मिटनार कसा?"

 पलीकडून नम्रता अगदी हळू म्हणाली, "काका, मिटायला नकोय ते." आणि पुढे तिनं तो नियम सांगितला जो मी त्या दिवशी ऐकायचा सोडून भागाकार करत बसले होते. "बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. मुलीला ते आपलं आपण, कुणी हात न लावता, काढून टाकता आलं पाहिजे. वाटेल तेव्हा. ते जमत नसेल तर ते पांघरूण नाही, बांधून ठेवणं आहे. मी आधी माझ्यासमोर बघणार. तिला निघता आलं नाही तर मी परवानगी देणार नाही."

फोन बंद झाला.  जांभळं लुगडं मांडीवर घेऊन बानं त्याची कड बोटांमधून फिरवली, एकेक गोळी, जशी जाळं तपासताना फिरवतो. "म्हंजे मी पोरीवर पाग टाकत व्हतो," तो म्हणाला. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मी हसले, आणि बासुद्धा हसला, आणि आमच्या हसण्यानं अकूनं कानांवर हात ठेवले. त्या संध्याकाळी बानं त्या सगळ्या गोळ्या उसवून डब्यात भरल्या, डबा माळ्यावर टाकला, लुगडंही टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी मी तिघांची रक्ततपासणी करून घेतली. अकूचं ठीक आलं, माझं ठीक आलं. बाचं थोडं जास्त होतं. डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासायला बोलावलं आणि दातांचा उपयोग जेवण्यापुरताच करायला सांगितलं. आय म्हणाली, "बरा झाला, तोंडात काय तरी असला की हा बोलत नाय, आता बोलंल."

आणि बा बोलायला लागला! असा उत्साह मी त्याच्यात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नवं पांघरूण चौकोन पाडून, वजन सगळीकडे वाटून शिवायचं त्यानं ठरवलं होतं. सकाळी सातला फोन: "बाय, चौकोन किती मोठा करू?" ऑफिसात फोन: "चौकोनाचा पोट भरला तं मधे गोला होतो, काय करू?" आम्ही दोघं काळबादेवीला गेलो, फणसवाडीच्या बाजूला एका मण्यांच्या दुकानात, तिथे त्यानं साबुदाण्याहून बारीक काचेचे मणी मुठीत घेऊन कानाशी हलवून पाहिले, कारण आवाज आला तर अकू घेणार नाही. दुकानदाराला वाटलं हा म्हातारा मोती पारखतोय. मण्यांच्या आधी कापसाचा थर, मणी आतल्या बंद पुड्यांत, वरून दुहेरी शिवण, त्यावर आयचं दुसरं जुनं लुगडं. म्हणजे अकूनं चावलंच तरी तोंडात लुगडंच येईल. सगळ्या चौकोनांत सारखं वजन, आणि कडेला चार बोटं रिकामी, हलकी. ही त्याची स्वतःची अक्कल. "कड हलकी ठेवली की हातात येते," तो म्हणाला, "उचलाला बरी. पन्नास वर्सं निसटनार नाय असा केला गो. आता निसटंल असा कराचा. उलटा पाग." सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला माझा बा नवीन कुणीतरी वाटला.

तयार झालं त्या रविवारी सगळी बाहेर गेली असताना मी ते स्वतःवर घेतलं. उघड्या खिडकीतून खाडीचा वास येत होता, भर दुपार, उन्हाचा पट्टा पायांवर. आधी काही नाही. मग हळूहळू माझे खांदे चटईला टेकले, आणि टेकल्यावर मला कळलं की ते इतके दिवस टेकलेलेच नव्हते. बँकेचे निरोप, शाळेच्या बाईंचे निरोप, बसमध्ये अकूकडे वळून बघणारे लोक, सगळं वर कुठेतरी राहिलं आणि मी खाली. हात नव्हते, कुणी धरलं नव्हतं, कुणाला माझ्याकडून काही नको होतं. आणि मधूनच मी उगाच एक हात बाहेर काढायचे, कड उचलायचे, आणि पुन्हा ठेवायचे. उचलता येतंय हे बघायला. त्यातच सगळं सुख होतं! काढता येतंय म्हणूनच ठेवावंसं वाटत होतं. मग एकदम मला हळदीचा दिवस दिसला. माझे हात तिच्या पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि ती जितकी निसटू बघतेय तितकी मी आवळतेय. मी तिला कधी उचलायला कड ठेवलीच नव्हती. माया होती, होती ना, माया तर ढीगभर होती. पण मिटणारी होती. मी उठून बसले. मला त्या क्षणी धावत सुटावंसं वाटत होतं, कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण घरात कुणी नव्हतं, म्हणून मी ते पांघरूण घडी करून त्यालाच थोपटलं.

परवा सकाळी दहाला आम्ही नम्रताच्या खोलीत. मी, बा, अकू. बानं लग्नाला घालतो तो शर्ट घातला होता. नम्रतानं जमिनीवर गादी घातली होती, पंखा मंद केला होता. "कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली, "आणि कुणी हात लावायचा नाही. ती अडकली असं वाटलं तर मी बघीन, तुम्ही नाही." तिनं अकूला पांघरूण हातात दिलं, चाचपू दिलं, हुंगू दिलं. अकूनं कड तोंडात घातली. लुगडंच ते. मग ती आपणहून आडवी झाली, आणि नम्रतानं छातीपर्यंत पांघरूण टाकलं आणि मागे सरकली.

पाय हलत होते. लुगड्याखाली दोन उंदीर असावेत तसे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग बघायचं नाही असं ठरवलं, मग बघितलं. तीन मिनिटं. पाय हळू झाले. पाचव्या मिनिटाला थांबले. थांबले! नऊ वर्षांत ते पाय जागेपणी थांबलेले मी फक्त कपाटाच्या फटीत पाहिले होते.  सात मिनिटं. अकू छताकडे बघत होती, पापण्या जड, हात दोन्ही आत. दहा. आता बाचा श्वास मोठा व्हायला लागला. त्यानं माझं मनगट धरलं. "अडकली ती," तो कुजबुजला, "बाय, तिला निंगता येत नाय. मी जड केला." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मलाही तेच वाटत होतं; ती शांत आहे की हरली आहे, हे मला माझ्या पोरीच्या तोंडावर वाचता येत नव्हतं, आणि माझे हात पुढे जायला निघाले होते, तेच हात. मी ते मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले. नम्रतानं आमच्याकडे बघून फक्त मान हलवली. बारा मिनिटं. बा अर्धा उठला.

तेवढ्यात अकूचा उजवा हात कडेखालून बाहेर आला. बोटांनी रिकामी, हलकी कड शोधली, धरली, आणि एका झटक्यात पांघरूण पायाशी गेलं. ती उठली. खिडकीशी गेली, खालच्या रस्त्यावर बघितलं, बसचा एक नंबर म्हणाली. बा मटकन खाली बसला आणि लग्नाच्या शर्टाच्या बाहीनं नाक पुसायला लागला. नम्रता वहीत काही लिहीत होती आणि हसत होती. मला वाटलं झालं, जमलं, आता टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पण अकू वळली. गादीपाशी आली, आडवी झाली, हात दोन्ही अंगाशी सरळ. अकू कधी काही मागत नाही. काही हवं असलं तर आमचा हात धरून त्या वस्तूपर्यंत नेते, जणू हात आमचा नसून एखादा चमचा आहे. तिनं कुणाचा हात धरला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत.

"परत," ती म्हणाली.

मी पांघरूण तिच्या अंगावर घातलं आणि हात काढून घेतले.